नक्षी शाबूत, टायर बाद

सत्तरच्या दशकातली बुलेट ३५० माझ्याकडे आली, तेव्हा तिचे टायर बघून कुणीही म्हटलं असतं की निम्मं आयुष्य तरी बाकी आहे. खाचा खोल होत्या, मधला भाग सपाट झालेला नव्हता, नव्या टायरच्या कडेला असतात ते रबराचे केसही अधूनमधून शिल्लक होते. पण रस्ता जरा ओला झाला की मागचं चाक हलकेच बाजूला सरकायचं. ब्रेकच लावायला हवा असं नाही, नुसता गिअर उतरवला तरी. क्लच पाहिला, चेनचा ताण पाहिला, चाकाला आऊट आहे का, म्हणजे ते वाकडं फिरतंय का, ते फिरवून पाहिलं. सगळं ठीक. मग गाडी मेन स्टँडवर घेतली आणि मागच्या चाकाशी बैठक मारली.

अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं. जिवंत रबरावर नखाची खूण उठते आणि डोळ्यांदेखत भरून येते. इथे रबर ढिम्म, नखच दुमडलं. बॅटरीचा झोत खाचेत तिरका सोडला, तर तळाशी बारीक चिरांचं जाळं. वरून बघताना ते लक्षात येत नाही. वरचा थर रस्त्यावर घासला जातो आणि खालचं रबर उघडं पडत राहतं. खाचेचा तळ मात्र टायर साच्यातून निघाला त्या दिवसापासून हवा खात तसाच असतो. ओझोन आणि ऑक्सिजन आपलं काम करतात ते तिथे, आणि जिथे रबराला सारखा ताण पडतो त्या साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला.

टायरचं वय त्याच्या कडेवर छापलेलं असतं, फक्त वाचायला मान वाकडी करावी लागते. 'डीओटी' या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी आकडे असतात. २००० सालापासून ते चार आहेत, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ मधला तेविसावा आठवडा. माझ्या मागच्या टायरवर तीनच आकडे होते आणि त्यांच्यापुढे एक छोटा त्रिकोण. तीन आकडे म्हणजे २००० च्या आधीचा माल, आणि त्रिकोण असेल तर नव्वदच्या दशकातला. टायर चक्क गेल्या शतकातला निघाला. आधीच्या मालकाने गाडी वर्षानुवर्षं झाकून ठेवली होती. नक्षी वाचली ती त्यामुळेच आणि रबर गेलं तेही त्यामुळेच. टायरच्या रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं घातलेली असतात. चाक फिरताना रबर दबतं आणि सुटतं, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन एक थर धरतात. नुसत्या उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला हे संरक्षण पुरेसं मिळत नाही.

तर, टायर बदलायचे हे पक्कं झालं. कोणते घालायचे, यात मात्र बरेच दिवस गेले.

मॅन्युअलमध्ये दोन्ही चाकांना एकच माप होतं, ३.२५-१९. टायरची रुंदी सव्वातीन इंच, रिमचा व्यास १९ इंच. उंचीचा उल्लेखच नाही, कारण त्या काळी टायरची उंची साधारण रुंदीइतकीच धरली जायची. पुढे बुटके टायर आले. ३.६० आणि ४.१० ही मापं त्या पिढीची, त्यांची उंची रुंदीच्या ८० ते ८५ टक्के. त्यानंतर मिलिमीटरची पद्धत आली. ९०/९०-१९ म्हणजे ९० मिमी रुंद, उंची त्याच्या ९० टक्के, रिम मात्र अजून इंचातच. मोठ्या क्रूझर गाड्यांवर अक्षरांची आणखी एक पद्धत दिसते, तिच्या नादी लागायची मला गरज पडली नाही.

१९ इंची टायर आजही मुबलक आहेत, पण ते बहुतेक पुढच्या चाकाचे. हल्लीच्या कितीतरी ॲडव्हेंचर गाड्यांना पुढे १९ इंची चाक असतं. मागे १९ इंच ही जुन्या गाड्यांची खासियत, त्यामुळे मागच्या टायरसाठी पर्याय एकदम आटतात. म्हणून मी मिलिमीटरच्या टायरांचाही हिशोब मांडून पाहिला. सव्वातीन इंच म्हणजे ८२.५५ मिमी. १९ इंची रिम म्हणजे ४८२.६. वरची आणि खालची अशी दोन्हीकडची उंची मिळवली की ३.२५-१९ चा कागदावरचा व्यास येतो ६४७.७ मिमी. ९०/९०-१९ चा येतो ६४४.६, म्हणजे फरक तीन मिमीचा. १००/९०-१९ चा ६६२.६, तो सरळ १५ मिमी मोठा. अर्थात हे सगळं कागदावर. टायर कंपन्यांच्या तक्त्यांत प्रत्यक्ष मापं दिलेली असतात, आणि इंची टायर नावापेक्षा थोडा रुंदच भरतो. नुसतं नाव बघून 'हा त्याच्या जागी चालतो' असं ठरवण्यापेक्षा तक्ता उघडलेला बरा.

याच सुमारास एका मित्राच्या बुलेटला मागे ४.००-१९ चा टायर बघितला. गाडी काय दिसत होती! मागून बघावं तर एकदम भरलेली, दणकट. मन तिकडे धावलंच. पण आमचे मिस्त्री हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले, "साहेब, जाड टायर घातला की गाडी भारदस्त दिसते, पण वळायला नको म्हणते. आधी रिमला विचारा." मग त्यांनीच टायर उतरवून व्हॉल्व्हच्या भोकाजवळचा गंज पुसला आणि रिमवरचा ठसा दाखवला: डब्ल्यूएम २-१९. डब्ल्यूएम २ म्हणजे रिमच्या दोन काठांमधली रुंदी १.८५ इंच, साधारण ४७ मिमी. हे माप आतल्या बाजूने घ्यायचं असतं. बाहेरून व्हर्निअर लावला तर काठांची जाडी मिळून आकडा फुगतो आणि आपली रिम उगाच रुंद वाटते.

४.०० च्या टायरला शिफारस असते ती २.१५ इंची, म्हणजे डब्ल्यूएम ३ किंवा त्याहून रुंद रिमची. अरुंद रिमवर तो चढतो, हवाही धरतो, म्हणूनच फसायला होतं. दोन्ही बीड, म्हणजे टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडा, जवळ ओढल्या जातात आणि उशी खालून आवळली की वर फुगते तसा टायर मधोमध उंच होतो. रस्त्याला टेकते ती मधली चिंचोळी पट्टी, खांदे हवेत. रुंद टायर घेऊन पकड वाढेल या हिशोबाने गेलो, तर सरळ जाताना ती उलट कमी होते, आणि वळणात गाडी आधी आडवी व्हायला कुरकुर करते व मग एकदम पडते. एका टायरतज्ज्ञाच्या पुस्तिकेत ठोकताळा वाचला होता: रिम अर्ध्या इंचाने बदलली की त्याच टायरची रुंदी सुमारे पाच मिमीने बदलते. म्हणजे टायरवर छापलेली रुंदीदेखील शेवटी रिमच ठरवते. मित्राला हे सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, दिसते तर छान ना. यावर वाद नाही.

रुंदीचा प्रश्न असा मिटला, पण वजनाचा उभा राहिला, आणि याच्याकडे लोक फार कमी बघतात. मापापुढे ५४एस किंवा ५४पी असं काहीतरी लिहिलेलं असतं. अक्षर वेगाचं: पी म्हणजे ताशी १५० किमी, एस म्हणजे १८०. (ही अक्षरं क्रमाने लागतात असं समजू नका, यू २००, मग मध्येच एच २१०, मग व्ही २४०.) माझ्या बुलेटला यातलं कुठलंही अक्षर पुरून उरतं. पण आकडा महत्त्वाचा. ५४ म्हणजे तो एक टायर जास्तीत जास्त २१२ किलो पेलणार.

गाडीचं वजन सगळ्यांना माहीत असतं, मागच्या एका चाकावर किती येतं हे कुणाला माहीत नसतं. म्हणून वजनकाटा मिळवला. मागचं चाक काट्यावर, पुढचं तेवढ्याच उंचीच्या फळीवर, म्हणजे गाडी समतल. मिस्त्रींनी पुढून हँडल धरलं. रिकामी गाडी: मागे ९२ किलो. मी बसलो. मग बायको बसली, हातात सामानाची नेहमीची बॅग घेऊन, आणि "माझं वेगळं वजन वाचलंत तर बघा" असा दम भरून. काटा २०७ वर थांबला. म्हणजे ५४ च्या टायरवर फक्त पाच किलोची सवलत, तीही हवा पूर्ण भरलेली असेल तर आणि रस्त्यात खड्डा नसेल तर. पुढच्या चाकाचा आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली होता, त्यामुळे तिथे ३.२५ चा ५४ अगदी निवांत.

मागे मग ३.५०-१९ घ्यायचा असं ठरलं. या मापात ५७ चा टायर मिळतो, ५७ म्हणजे २३० किलो. कंपनीच्या तक्त्यात त्याला १.८५ इंची रिम चालत होती. बुलेट ५०० ला कारखान्यातूनच मागे ३.५०-१९ यायचा, त्यामुळे हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हतं. ३.२५ पेक्षा तो कागदावर सव्वासहा मिमी रुंद आणि व्यासाने पावणेतेरा मिमी मोठा. म्हणजे प्रत्येक बाजूला तीन-साडेतीन मिमी आणि मडगार्डकडे सव्वासहा मिमी जागा जास्त खाणार. मडगार्डच्या आत, चेनकव्हरजवळ आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या दोन्ही अंगांना पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून जागा मोजली. जिथे कमी होती तिथेही बोट आरामात जात होतं. ही जागा नुसती स्थिर टायरपुरती असून भागत नाही. क्रॉस-प्लाय टायर (आतले धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदणारे) वेगात थोडा फुगतो, आणि चेन ओढायला चाक पुढे-मागे होतं तेव्हा मडगार्डशी अंतर बदलतं. व्यास दोन टक्क्यांनी वाढल्याने गिअरिंग तेवढंच लांबतं. चढावर ते मला कधी जाणवलेलं नाही. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून निघते, त्यामुळे त्याला या बदलाचा पत्ताच नाही.

रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे) घ्यायचे का, हा प्रश्न माझ्यापुरता लवकर निकालात निघाला. डब्ल्यूएम २ च्या मापात ते बनतच नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि जुन्या गाडीची चौकट, शॉकअप, स्पोकची चाकं हे सगळं क्रॉस-प्लायच्या लवचिकतेला धरून बेतलेलं असतं. एकच सांगून ठेवतो: पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय ही जोडी कधीच नको.

नक्षीचा विषय मला सगळ्यात आवडता. जुन्या गाड्यांच्या फोटोत पुढे रिब, म्हणजे सलग उभ्या पट्ट्या, आणि मागे ठोकळे दिसतात ते निव्वळ शोभेसाठी नाही. पुढचं चाक गाडी ढकलत नाही, ते दिशा धरतं आणि ब्रेक घेतं. चाकाच्या परिघाला समांतर जाणाऱ्या उभ्या खाचा बाजूला सरकण्याला विरोध करतात आणि ब्रेकखाली सुट्या ठोकळ्यांसारख्या वाकत नाहीत. एव्हॉनचा स्पीडमास्टर हा या घराण्यातला नामांकित टायर. रिबची एक खोड आहे: रस्त्यावर लांबीच्या दिशेने खाचा असतील तर तो त्यांच्या नादाला लागतो आणि हँडल किंचित वळवळतं. ते मला चालतं. मागे करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेला डनलॉपचा के७० किंवा त्या जातीचा कुठलाही ठोकळ्यांचा टायर शोभतो आणि ओढतोही.

दुसरा मोह टीटी १०० चा होता. १९६९ साली आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत माल्कम अपहिलने ट्रायम्फ बॉनव्हिलवर प्रॉडक्शन गटातली ताशी १०० मैलांची पहिली फेरी मारली, ती डनलॉपच्या के८१ टायरांवर. त्या पराक्रमावरून टायरचं नावच टीटी १०० पडलं. अशा टायरवर बसून दूध आणायला गेलो तरी छाती फुगेल! पण तो प्रामुख्याने ४.१० च्या मापाचा, आणि माझी रिम मध्ये आडवी. नाद सोडला.

माप, आकडा, नक्षी सगळं ठरल्यावर खरेदी म्हणजे अर्ध्या तासाचं काम असं वाटतं. तसं नसतं. जुन्या गाड्यांचे टायर सावकाश खपतात, त्यामुळे ते विक्रेत्याकडे म्हातारे होतात. एका ठिकाणी मला हवा तोच पुढचा टायर होता, कागदात गुंडाळलेला, चकचकीत. मी तारखेचा फोटो मागितला. विक्रेत्याने तीनदा वेगवेगळ्या कोनातून नक्षीचे फोटो पाठवले. चौथ्यांदा स्पष्ट विचारल्यावर तारीख आली: टायर सहा वर्षांचा. "पण वापरलेला नाही ना साहेब, नवाच आहे." माझ्या गाडीवरून उतरलेल्या टायरचाही दोष कमी वापर हाच होता, हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. टायर थंड, अंधाऱ्या जागी, विजेच्या मोटारींपासून लांब ठेवला असेल तर तो सावकाश म्हातारा होतो हे खरं. (चालत्या मोटारींच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो.) पण तो तसाच ठेवला होता हे मला कोण सांगणार? नव्या टायरची पूर्ण किंमत मोजून त्याची सहा वर्षं दुसऱ्याच्या गोदामात घालवायची माझी तयारी नव्हती. थांबलो. शेवटी एकाच कंपनीची जोडी मिळाली, दोन्ही टायर वर्षाच्या आतले. एकाच कंपनीची का, तर पुढच्या-मागच्या टायरचा आकार आणि रबर त्यांनी एकत्र तपासलेलं असतं.

नव्या टायरला ट्यूबही नवी घेतली. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते. नव्या टायरमध्ये ती मावत नाही, घडी पडते आणि घडीवरच एक दिवस फाटते. रिमपट्टीही बदलली. स्पोकच्या निपलांची टोकं आतून कानशीने सपाट करून वर पट्टी बसवली.

बसवताना मिस्त्री टॉमी, म्हणजे टायर चढवायची पहार, फार कमी वापरतात आणि गुडघे फार. गुपित एवढंच की टॉमी लावलेल्या जागेच्या समोरची बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलून ठेवायची, म्हणजे या बाजूला आपोआप ढील मिळते. ताकद लागायला लागली की समजावं, समोरची बीड वर आलेली आहे. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा, वर टाल्कम पावडर, बीडला साबणाचं पाणी. टायरवरचा पिवळा ठिपका म्हणजे त्याची सगळ्यात हलकी जागा, ती व्हॉल्व्हपाशी. बाण फिरण्याच्या दिशेने. हवा भरल्यावर रिमच्या काठालगत टायरवर असलेली बारीक रेघ सगळीकडून सारख्या अंतरावर आली का ते बघायचं. मागच्या टायरची एका जागी आत राहिली होती. हवा काढली, पुन्हा साबण लावला, पुन्हा भरली, आणि 'टप्प' असा आवाज होऊन ती जागेवर आली.

व्हॉल्व्हचा नट त्यांनी रिमला आवळला नाही, उलट वर टोपीपर्यंत नेऊन ठेवला. टायर रिमवर सरकला तर ट्यूब व्हॉल्व्हला ओढते. नट सुटा असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि आपल्याला आधीच कळतं. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह सरळच दिसत राहतो आणि एक दिवस मुळापासून उपटतो.

पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून चालवले. नवं रबर गुळगुळीत असतं, त्याचा वरचा थर घासून खरखरीत व्हावा लागतो. त्यानंतर पहिला पाऊस लागला तेव्हा मुद्दाम त्याच वळणावर गिअर उतरवून बघितला जिथे मागचं चाक हमखास सरकायचं. काही झालं नाही, म्हणून परत फिरून आणखी एकदा बघितला. हँडल आधीपेक्षा हलकं झालंय. रिबची वळवळ आहे, पण सुसह्य.

हवेचं गणित अजून थोडं चालू होतं. मॅन्युअलमधले आकडे मूळच्या टायरांसाठी, नव्या कंपनीचा तक्ता वेगळा. तक्त्यापासून सुरुवात केली आणि थंड टायर व तासभर चालवलेला टायर असे दोन्ही वेळा गेज लावले. गरम झाल्यावर हवा दहा टक्क्यांच्या फार वर जात असेल, तर थंड टायरमध्ये ती कमी होती असं समजायचं. टायर जास्त दबतो, म्हणून जास्त तापतो. असं करत करत पुढे २२ पीएसआयवर स्थिरावलो, मागे एकटा असलो की २८. दोघं आणि बॅग असेल तेव्हा मागे ३२ भरूनच निघतो. टायरवरच्या ५७ चे २३० किलो तक्त्यातल्या पुऱ्या हवेवरच धरलेले आहेत, २८ वर नाहीत.